झाकणाला मॅचिंग

टेलर मास्तरांच्या नजरेची कीर्ती सगळ्या गल्लीत होती, आणि ती पसरवायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणावर कधी टाकलं नाही. गिऱ्हाईक दुकानात शिरलं रे शिरलं की सुरू. "ताई, हा दोरा तुम्हाला जांभळा वाटतोय, हो ना? जांभळा नाही. आमसुली आहे. दारात नेऊन उजेडात बघा." ताई दारात जायच्या, उजेडात बघायच्या, आणि दोरा मेला आमसुलीच निघायचा. आता अशा माणसाशी वाद तरी काय घालायचा?

गाडीच्या बाबतीत मात्र मास्तरांची बोलती बंद. गाडीचं खातं बायकोकडे होतं. बायको ड्रायव्हिंग शिकवायची. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलं होतं आणि सगळं गाव तिला मॅडम म्हणायचं. मास्तर घरात "अगं" म्हणायचे खरे, पण तेसुद्धा जरा मॅडम म्हटल्यासारखंच यायचं तोंडातून.

दिवसभर शिकाऊ मंडळींच्या शेजारी बसून बसून मॅडमच्या उजव्या पायाला एक खोड जडली होती. समोर काही आडवं आलं की पाय दाबायचा. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूला जास्तीचा ब्रेक होता, तिथे ठीक होतं. पण ही बाई बसमध्ये बसली तरी दाबायची, शेजाऱ्यांच्या गाडीत बसली तरी दाबायची, आणि टीव्हीतली गाडी जोरात वळली तर घरच्या सोफ्यावर बसूनसुद्धा दाबायची. संध्याकाळपर्यंत पोटरीत गोळा आलेला असायचा. मग मास्तर खाली बसून, तळहातावर तेल घेऊन, पोटरी रगडायचे.

रगडता रगडता त्यांच्या मनात एकच विचार घोळायचा. लग्न झाल्यापासून सगळीकडे हिनंच आपल्याला नेलं. लेकीला बघायला हिनं नेलं, दवाखान्यात हिनं नेलं, आपल्या भावाच्या लग्नाला हिनं नेलं. आणि आपण शेजारच्या सीटवर तोंड उघडं टाकून खुशाल घोरलो. एकदा आपण चालवावी आणि हिनं झोपावं. बाकी काही नको. फक्त झोपावं, पाय सैल सोडून.

नुसता विचार करून थांबले असते तर ते मास्तर कसले. गाडी शिकले. मॅडमकडेच शिकले, शिव्या खाऊन शिकले, आणि लायसन्सही काढलं. पण मॅडम त्यांना मैदानाबाहेर जाऊ देईना. रस्त्यावर न्यायचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर यायचं, "तुम्हाला अजून गाडीची रुंदी कळलेली नाही."

हे मात्र मास्तरांना झोंबलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दुसरं काही केलं नाही, फक्त लोकांच्या रुंद्या मोजल्या, त्याला रुंदी कळत नाही? त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि अंगणात जाऊन गाडीचं माप घेतलं. आरसे उघडे ठेवून एकदा, मिटून एकदा. खांद्यात किती, कमरेत किती, सगळं खडूनं भिंतीवर लिहिलं. मॅडम दारात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अहो, ब्लाऊज शिवताय का गाडीला? रुंदी टेपनं नसते कळत!"

"मग कशानं कळते?"

"ज्याची त्याला कळते."

पण नवऱ्याचा उतरलेला चेहरा तिला बघवलाही नाही. पुढच्या आठवड्यात ती ड्रायव्हिंगच्या शिक्षकांच्या कसल्याशा प्रशिक्षणाला परगावी निघाली, तेव्हा बसमध्ये चढता चढता म्हणाली, "आले की दुसऱ्या दिवशी लेकीकडे जाऊ. गाडी तुम्ही चालवा."

मास्तरांचा कानांवर विश्वास बसेना.

"पण एक सांगून ठेवते. तोवर रोज नुसती सुरू करून ठेवायची, बॅटरी उतरू नये म्हणून. जागची हलवायची नाही. आल्यावर मला एक ओरखडा जरी दिसला ना, तर किल्ली विसरा. कायमची. मी इतकी वर्षं चालवतेय, आहे का कुठे एक ओरखडा?"

नव्हता. मास्तरांनी मान हलवली. बस गेली.

आता ऐका या गृहस्थांचे प्रताप. पहिल्या दिवशी गाडी नुसती सुरू केली. दुसऱ्या दिवशी सुरू करून जराशी पुढे, जराशी मागे. नुसत्या इंजिनानं बॅटरीला काय समाधान होणार, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी विचार केला, लेकीकडे जायचं म्हणजे गेटातून बाहेर तर काढावी लागणारच; मग आधी एकदा काढून बघितलेली बरी. काढली. पुढचं तोंड गेटाबाहेर सुखरूप गेलं. मास्तर खूश झाले आणि त्याच खुशीत त्यांनी स्टिअरिंग जरा लवकर वळवलं.

कापडाचं थान फाटावं तसा आवाज झाला. लांबलचक.

मागचं दार खांबाला लागलं होतं. नुसता ओरखडा असता तर निभावलं असतं. दाराचा पत्रा आत गेला होता आणि खालची कड दुमडून वर आली होती. मास्तरांनी गाडी आत घेतली, रोजच्या जागी लावली आणि पायरीवर बसले. किल्ली हातात होती. ती हातातून जाणार, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मग आठवलं ते तेल, ती पोटरी आणि आपलं घोरणं, आणि जास्तच वाईट वाटलं.

मागच्या रस्त्यावर एक पेंटर होता, गाड्यांचं ठोकाठोकीचं आणि रंगाचं काम करायचा. मास्तरांचं आणि त्याचं जुनं प्रेम. एकदा पॅन्टचं माप देताना मास्तर त्याला म्हणाले होते, "पोट घरी ठेवून यायला काय झालं होतं?" ते पेंटर विसरला नव्हता. त्यानं येऊन दार बघितलं, दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मास्तर, हे उसवून पुन्हा शिवण्यातलं नाही. ठोकून वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली तरी वर्षभरात फुगेल. भंगारवाल्याकडून याच गाडीचं जुनं दार बघतो."

आणि नशीब बघा, दुसऱ्याच दिवशी त्याचा निरोप आला. मास्तर दुकानाला कुलूप लावून धावत गेले. पेंटरच्या शेडमध्ये, रंगाच्या डब्यांना टेकवून, दार उभं होतं. निळंच होतं.

"तुमच्या गाडीचाच रंग, तुमच्या गाडीचंच वय," पेंटर म्हणाला. "उन्हात तेवढंच भाजलंय. याला काही करायचं नाही. पुसायचं आणि बसवायचं."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला. रुमालाची एकेक घडी उघडली. आत गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवरचं छोटं निळं झाकण होतं. दोन स्क्रू काढून ते सोडवून आणलं होतं.

"हे काय?" पेंटरनं विचारलं.

"नमुना."

मास्तरांनी झाकण दारावर धरलं. डोळे बारीक केले. दार शेडबाहेर उजेडात आणायला लावलं, पुन्हा धरलं, आणि मान हलवली. "जमत नाही."

"काय जमत नाही? हे निळं, ते निळं."

"तुमच्या दाराचा निळा राखाडीकडे झुकतोय. माझ्या झाकणात हिरवी झाक आहे. मोरपंखी."

पेंटरनं बघितलं. होती खरी. तो डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, झाकणावर जाऊ नका. गाडी इथे आणा. गाडीशेजारी दार धरू, मग बोलू."

गाडी आणायची! रस्त्यावर दर दुसरा माणूस मॅडमचा विद्यार्थी. त्यांच्यामधून चेपलेलं दार घेऊन मिरवत यायचं? शिवाय गाडी जागची हलवायची नाही, हे वचन मोडून काय झालं ते समोरच होतं. मास्तरांनी मुद्दा वेगळाच काढला. "माझ्याकडे बायका येतात त्या काय कपाट उचलून आणतात? कापडाचा बोटभर कोपरा आणतात. तेवढ्यावर मी दोरा जुळवतो. नमुना म्हणजे नमुना. झाकणाला मॅचिंग करा."

"तुम्ही म्हणाल तसं. दार तुमचं, बायको तुमची," पेंटर म्हणाला.

मग जो काही प्रकार झाला तो त्या शेडनं पूर्वी पाहिला नव्हता. पेंटर वाटीत रंग कालवतोय आणि मास्तर त्याच्या खांद्यावरून वाकून बघताहेत. "एक थेंब हिरवा." पेंटरनं टाकला. "अजून अर्धा." पेंटरनं डबा त्यांच्या हातात दिला, "अर्धा थेंब कसा टाकतात ते दाखवा, म्हणजे मीही शिकतो." पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारायचा, वाळवायचा, झाकण शेजारी धरायचं, मास्तरांनी नाक मुरडायचं, पुन्हा कालवायचं. शेवटी एका तुकड्यावर झाकण ठेवलं आणि झाकण कुठे संपतं नि तुकडा कुठे सुरू होतो ते कळेना. पेंटरनं दोनदा बोट फिरवून खात्री केली.

"मानलं मास्तर," तो मनापासून म्हणाला. मास्तर घरी गेले ते छाती पुढे काढूनच.

मॅडम यायची त्याच दिवशी दुपारी पेंटर हातगाडीवर दार घेऊन आला. जुन्या चादरीत गुंडाळून, जपून आणलं होतं. गाडीची ती बाजू रोज भिंतीकडे असायची. दोघांनी ढकलून गाडी मोकळ्यात घेतली. चेपलेलं दार उतरवलं, नवं बिजागऱ्यांवर चढवलं, उघडमीट करून बघितलं. ठाक्‌ करून छान बसलं. मास्तरांनी स्वतःच्या हातानं झाकण जागच्या जागी लावलं, स्क्रू पिळले, आणि दोघं कौतुकानं चार पावलं मागे गेले.

पेंटरनं मान डावीकडे कलवून बघितलं, मास्तरांनी उजवीकडे.

दार झाकणाला मॅचिंग होतं. अगदी जुळ्या बहिणी. पण त्या दोघींच्या मधला पत्रा, पुढचं दार, छत, बोनेट, म्हणजे थोडक्यात उरलेली सगळी गाडी राखाडीकडे झुकत होती. भंगारातलं ते जुनं दार झुकत होतं ना, तशीच. तेवढीच.

"मास्तर," पेंटर हळूच म्हणाला, "ते दार नुसतं पुसून बसवलं असतं तर..."

"गप्प बसा."

"नाही, मी आपलं म्हणतोय. नजर तुमची."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकांना ते स्वतःच सांगत, बोटभर तुकड्यात जो फरक दिसत नाही तो सबंध कापडात ओरडून सांगतो. इतकी वर्षं त्या कोपऱ्यात झाकण बसलं होतं, तेवढंसं, भिंतीकडे तोंड करून. पेट्रोल भरायचं काम मॅडमचं. मास्तर एरवी त्या बाजूला जातच नसत; झाकण सोडवलं तेही भिंतीच्या सावलीत, घाईघाईनं. पण मुळात एकाच गाडीच्या अंगावर दोन निळे कसे?

तोच प्रश्न पेंटरलाही पडला असावा. त्यानं झाकण उघडलं, खिशातून घासकागद काढला आणि झाकणाच्या उलट्या बाजूला, आतल्या कोपऱ्यात, चारदोनदा घासलं. निळ्याखालून लाल रंग निघाला. चांगला डाळिंबी लाल.

"हे झाकण या गाडीचं नाहीच. कुठल्यातरी लाल गाडीचं आहे. भंगारातून आणून वरून निळं मारलंय." पेंटरच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं. "काय हो मास्तर, तुमच्याशिवाय ही गाडी कोण चालवतं?"

मास्तर उभे होते तिथेच उभे राहिले. कापडाची उलट बाजू बघितल्याशिवाय कात्रीला हात न लावणारा माणूस, आणि झाकण उलटं करून बघायचं सुचलं नाही! पण ते दुःख क्षणभरच टिकलं. कारण मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "आहे का कुठे एक ओरखडा?" अस्सं! म्हणजे बाईसाहेबांनीही कुठेतरी प्रसाद खाल्ला होता, आणि गुपचूप भंगारातून झाकण आणून चिकटवलं होतं, आणि वर इतकी वर्षं...

मास्तरांना उडी मारावीशी वाटली. पेंटरला त्यांनी नव्या पॅन्टचं आश्वासन दिलं आणि वाटेला लावलं. दार पुन्हा रंगवायला आता वेळच नव्हता, आणि गरजही नव्हती. हुकमाचं पान हातात होतं. संध्याकाळपर्यंत ते अंगणात येरझाऱ्या घालत एकच वाक्य घोकत होते. "आणि हे झाकण कुणाचं, मॅडम?" एकदा रागानं म्हणून बघितलं, एकदा गोड आवाजात. गोड आवाज जास्त लागेल असं वाटलं.

मॅडम आली ती लंगडतच. एवढा बसचा प्रवास, म्हणजे रस्ताभर तिनं बस एकटीनं थांबवली असणार. बॅग पायरीवर ठेवली, पोटरी दाबली, मान वर केली आणि गाडी दिसली. गाडीची भिंतीकडची बाजू आज अंगणाकडे होती.

ती दाराजवळ गेली. वाकून खालची कड बघितली, गेटाचा खांब बघितला, खांबावर लागलेला निळा रंग बघितला. सरळ उभी राहिली आणि हात पुढे केला.

"किल्ली."

हीच ती वेळ. मास्तरांनी तोंड उघडलं. पण समोर तिचा चेहरा होता, प्रवासानं उतरलेला, केस विस्कटलेले. आणि एक पाय उचलून तिनं दुसऱ्यावर भार घेतला होता. दुपारभर घोकलेलं वाक्य घशातच राहिलं. हुकमाचं पान खेळून हिला हरवायचं आणि मग काय, हरलेल्या बायकोला शेजारी बसवून न्यायचं? अशी ती झोपेल थोडीच! त्यांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "गेटातून काढून बघत होतो. लेकीकडे जायची तयारी म्हणून."

"आणि हा रंग? अहो, नजरेचे एवढे बादशहा तुम्ही, आणि हा रंग पास केलात? आंधळ्यालासुद्धा कळेल वेगळा आहे म्हणून!"

"नमुन्याला अगदी बरोबर जुळवला होता गं."

"कसल्या नमुन्याला?"

"पेट्रोलचं झाकण नेलं होतं."

"झाकण!" मॅडम कडाडली. "अहो, सबंध गाडी सोडून झाकण कशाला नेलंत? ते झाकण तर..."

आणि जीभ चावली.

मास्तरांनी आकाशाकडे बघितलं. मग टेपचं टोक बोटाला गुंडाळत, लोण्याहून मऊ आवाजात विचारलं, "ते झाकण तर काय?"

"ते तर... लहान असतं."

"हो ना," मास्तर म्हणाले. "लहानच असतं ते."

मॅडमचे कान लाल झाले. तिनं झाकणाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. नवरा गेटाकडे बघत होता, इतक्या भोळ्या चेहऱ्यानं की जणू तो त्या गावचाच नाही. त्याला सगळं माहीत आहे, हे तिला कळलं. आणि तो बोलणार नाही, हेही कळलं. ती पायरीवर बसली, किल्ली मुठीत धरून, आणि तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय म्हणून मास्तर घाबरून जवळ गेले, तर बाई हसत होती. हसता हसता पोटरीत गोळा आला, "आई गं!" म्हणाली, आणि तरी हसतच होती.

मास्तरांनी तेलाची वाटी आणली. रगडायला लागले.

"आता कळली का रुंदी?" तिनं विचारलं.

"कळली."

"कुठे कळली?"

"गेटाच्या खांबाशी."

मॅडमनं मुठीतली किल्ली जरा चाळवली.

"मला पेट्रोल पंपाच्या खांबाशी कळली होती," ती म्हणाली. "झाकण उघडंच राहिलं होतं." मग मूठ उघडून तिनं किल्ली मास्तरांच्या तेलकट हातावर टाकली. "हात धुवा आधी. सकाळी लवकर निघायचंय."

सकाळी मास्तरांनी गाडी गेटातून अशी काढली की खांबाला वाराही लागला नाही. मॅडम शेजारी पाठ ताठ करून बसली होती. पहिल्या चौकात तिचा पाय दाबला गेला. दुसऱ्या चौकात दाबला गेला. एक सायकलवाला मधे आला तेव्हा तर तिनं पायाखालची चटई पार पुढे ढकलली. "बघताय ना?" "बघतोय." "आरसा?" "बघितला." गाव संपलं, मोकळा रस्ता लागला. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ओरडा खाल्ला असता. बराच वेळ पुढच्या सूचनेची वाट बघत राहिले. सूचना आलीच नाही.

लेकीच्या घराचं गेट आपल्या गेटाहून अरुंद होतं. मास्तरांनी ते बाहेरूनच ओळखलं, टेप न लावता, आणि गाडी रस्त्यावरच झाडाखाली हळूच उभी केली. इंजिन बंद करायचा धीर होईना.

लेक आतून धावत आली. आधी बाबांना स्टिअरिंगवर बघून थबकली, मग तिचं लक्ष मागे गेलं. "बाबा, अहो हे काय! हे दार असलं कसलं हिरवट?"

"झाकणाला मॅचिंग आहे," मास्तर कुजबुजले.

"काय? कुठल्या झाकणाला? आणि आई कुठे..."

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. लेकीनं वाकून पलीकडच्या सीटकडे बघितलं. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, एक चप्पल निघून बाजूला पडलेली, आणि उजवा पाय चटईवर नुसता, सैल पडलेला.

"आई?" लेकीनं पुन्हा वाकून बघितलं. "गाडीत?"

"हळू बोल," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना अजिबात सुचलं नाही. "झोपलीये ती."